बारदान वजा करून

छोटं विमान चालवणारा माणूस मुळात हमाल असतो. अंगावर पांढरा शर्ट असतो, खांद्यावर पट्ट्या असतात आणि लोक ‘कॅप्टन साहेब’ म्हणतात, एवढाच काय तो फरक. मोठ्या विमानात सामान चढवायला वेगळी माणसं असतात, पाणी द्यायला वेगळी, हवामान सांगायला वेगळी. आमच्या चार खुर्च्यांच्या विमानात ही सगळी माणसं म्हणजे मी. टाकीत काठी बुडवून पेट्रोल बघणारा मी, काच पुसणारा मी, आणि मालकांच्या पाहुण्यांनी मागच्या खुर्चीत केलेली उलटी धुणाराही मीच.

नव्वदच्या दशकात मी एका फ्लाइंग क्लबात पोरांना विमान शिकवायचो. पोरं शिकून मोठ्या विमानांवर गेली, मी होतो तिथंच राहिलो. पुढे क्लब बंद पडला आणि त्याच सुमाराला माझ्या मणक्यातली चकती सरकली. नाशिक रोडच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि बजावलं, ‘यापुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.’ तेवढ्यात पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षवाल्या घराण्यानं विमान घेतलं आणि त्यांना वैमानिक हवा होता. बसून करायचं काम आहे, बरं झालं, असं बायको म्हणाली. मलाही तसंच वाटलं होतं.

घराणं मूळचं कांद्याच्या व्यापारातलं. मग द्राक्षं आली, पॅकहाऊस आलं, कोल्ड स्टोरेज आलं, आणि माल परदेशात जायला लागल्यावर विमान आलं. मालकाला सगळे दादा म्हणत. चांगला माणूस, पण हौशी. विमान जुनंच होतं, पंख वर आणि पोट खाली असलेलं, माझ्यासारखंच उतरणीला लागलेलं. ओझरच्या धावपट्टीच्या कडेला एका शेडमध्ये ते उभं असायचं. दादांना मुंबईला नाहीतर हैदराबादला नेऊन सोडायचं आणि परत निघेपर्यंत विमानाच्या सावलीत बसून डबा खायचा, ही माझी नोकरी. विमानात बसून जेवढे तास गेले त्याच्या कितीतरी पट तास त्या सावलीत गेले. सावली सरकेल तसा मी सरकायचो. कंटाळा हा शब्द मी त्या काळात वापरणं सोडून दिलं होतं.

पॅकहाऊसचा खरा कारभार दादांच्या आईच्या हातात होता. त्यांना सगळे काकू म्हणत. माहेर त्यांचं उस्मानाबादकडचं, पण पिंपळगावात येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की बोलणंसुद्धा इकडचंच झालं होतं. हंगामात पहाटेपासून काकू पॅकहाऊसमध्ये पायी फिरत. द्राक्षाचा घड उजेडात धरून बघायचा, एखादा मणी नखानं काढून टाकायचा, पॅकिंग करणाऱ्या बायकांना ओरडायचं आणि पुढं जायचं. एका हंगामात त्या माल चढवायच्या ओट्यावरून मागच्या मागे पडल्या. पाठीचा मणका गेला. मुंबईचे डॉक्टर झाले, मालिश झाली, त्र्यंबकेश्वरला अभिषेक झाला. कमरेखाली काही परत आलं नाही. त्या आधीच्या आणि त्या नंतरच्या काकू एकच बाई आहे हे बघणाऱ्याला पटायचं नाही. खोलीत पडून असायच्या आणि येईल त्याच्यावर खेकसायच्या.

मग दादांनी परदेशातून ती विजेची स्कूटर आणली. तीन चाकं, लाल रंग, पुढं जाळीची टोपली, बसायला फिरती खुर्ची. हँडलवर अंगठ्यानं दाबायची पट्टी, दाबली की चालते, सोडली की थांबते. वेग कमी-जास्त करायला एक बटण होतं, त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. ‘हे काय पोराटोरांचं खेळणं आणलंस?’ म्हणून काकूंनी दोन दिवस तिच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी पॅकहाऊसच्या माणसांनी तिला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि मग वाहनाचा मान राखायला म्हणून काकू बसल्या. संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या शेडमधून तीनदा फिरून आल्या होत्या. बटण सशावर. पॅकिंगच्या बायका एकमेकींकडे बघून म्हणाल्या, ‘आली गं बाई, परत आली.’ त्यांची तोंडं वाकडी झाली होती, पण मला वाटतं त्यांना बरं वाटलं होतं.

माझं मात्र त्या दिवसापासून मरण सुरू झालं. काकू जातील तिथं स्कूटर जाणार हे ठरूनच गेलं, आणि काकूंना दवाखान्यासाठी सारखं मुंबईला जावं लागायचं. गाडीतून एवढा वेळ बसलं की त्यांच्या पाठीत आग व्हायची, म्हणून विमान. स्कूटरचे तीन तुकडे व्हायचे: खुर्ची निघायची, हँडल दुमडायचं, आणि खालचा सांगाडा मधून वेगळा व्हायचा. मागची एक खुर्ची काढून तिथं आम्ही लोखंडी चौकट बसवली होती. तिला हे तुकडे पट्ट्यांनी आवळून बांधायचे. मोकळं काहीही ठेवायचं नाही, कारण हवेत धक्का बसला तर तोच सांगाडा मागून माझ्या डोक्यात येणार. दादा एक बाजू धरायचे, एक मी. बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांची मला दर वेळी आठवण यायची.

बॅटरीवरून पहिलं भांडण झालं. मूळच्या बॅटऱ्या निकामी झाल्या तेव्हा कुणीतरी टेम्पोची बॅटरी दोरीनं बांधून स्कूटर चालू केली आणि तशीच ओझरला आणली. पाणी भरायची झाकणं असलेली, ॲसिडची बॅटरी. मी म्हणालो, ही विमानात येणार नाही. हिच्यातलं ॲसिड सांडलं तर ते विमानाचा पत्रा खातं, आणि खाताना दिसत नाही. दादा म्हणाले, ‘टेम्पोत तर रोज जाते, साहेब.’ मी म्हणालो, ‘टेम्पो खाली पडला तर किती खाली पडणार आहे?’ तासभर आम्ही दोघं उन्हात उभे होतो, काकू गाडीत बसून आमची गंमत बघत होत्या. शेवटी दादांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या यूपीएसमधल्या सीलबंद, ॲसिड न सांडणाऱ्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि त्या बसल्या. त्यानंतर लाइट गेली की ऑफिसातले कॉम्प्युटर बंद पडायचे आणि कारकून माझ्या नावानं बोटं मोडायचा. मी बॅटऱ्यांच्या तारा काढायचो, टोकांना रबरी पट्टी गुंडाळायचो आणि किल्ली माझ्या खिशात ठेवायचो. काकूंना ती किल्ली माझ्याकडं असलेली अजिबात आवडायची नाही.

आणि काकूंना कुणी उचललेलं चालायचं नाही. हे पहिल्याच दिवशी कळलं. मी आपला भाबडेपणानं पुढं झालो, तर त्यांनी हात आडवा केला. ‘मला उचलायचं ते एकदाच, चौघांनी. तोवर कुणी हात लावायचा नाय.’ मग द्राक्षाची प्लॅस्टिकची कॅरेटं आली. एक कॅरेट, त्याच्या पुढं दोन एकावर एक, त्याच्या पुढं तीन. काकू पाठमोऱ्या होऊन नुसत्या हातांच्या जोरावर एकेका कॅरेटवर सरकायच्या, पंखाखालच्या तिरक्या दांडीला धरून स्वतःला वर ओढायच्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायच्या. चेहरा घामानं थबथबलेला असायचा. मग दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून आत घ्यायच्या आणि पदर सारखा करून म्हणायच्या, ‘हं, चला.’ जणू उशीर माझ्यामुळंच झाला होता.

विमानात किती वजन चढतंय हे मला आधी कळायला लागायचं. त्यासाठी मी पॅकहाऊसचा काटा वापरायचो. तिथला मापारी, म्हणजे काट्यावर वजन करणारा, कांद्याच्या बाजारात उभा जन्म घालवलेला माणूस. आधी त्याला गंमत वाटली, मग त्यालाही सवय झाली. मुंबईच्या फेऱ्यांना स्कूटर तीच, माणसं तीच, त्यामुळं स्कूटरचं वजन मी एकदा डोळ्यांसमोर करून घेतलेलं पुरत होतं.

त्या वर्षी दिवाळीत काकूंना भाऊबीजेला माहेरी जायचं होतं. त्यांचा एकुलता धाकटा भाऊ दर भाऊबीजेला उस्मानाबादकडच्या गावाहून पिंपळगावला यायचा, एक वर्ष चुकला नव्हता. आता साखरेच्या आजारानं त्याचा एक पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला होता आणि तो खाटेवर होता. मग काकूच जाणार. पण मेख अशी होती की काकूंचे पाय गेल्याचं भावाला कुणी सांगितलंच नव्हतं. पाठीचं दुखणं आहे, एवढंच त्याला माहीत होतं. त्यांच्या पडण्याला वर्ष होत आलं होतं, आणि मागच्या भाऊबीजेला तो येऊन गेल्यावरच त्या पडल्या होत्या.

‘आई लहानपणीच गेली आमची,’ काकू मला ओझरला विमानाजवळ म्हणाल्या. ‘त्याला मी कडेवर घेऊन वाढवला. माझ्या कडेवरून उतरायचा नाय तो, एवढा घोडा झाला तरी. त्याच्यासमोर मला कुणी पोत्यासारखं उचलून आणलं, तर खाटेवर पडल्या पडल्या झुरल तो. तुम्ही दोघं ध्यानात ठेवा. त्याला कळता कामा नये.’ दादा मान खाली घालून उभे होते. मी म्हणालो, ‘बरं.’ दुसरं काय म्हणणार.

या वेळी सामान पुष्कळ होतं. फराळाचे डबे, बेदाण्याची खोकी, भावासाठी नवी गादी, कपड्यांच्या सुटकेसा, आणि स्कूटर पायऱ्या चढवायला बनवून घेतलेली पत्र्याची घसरण. स्कूटरची लोखंडी चौकटही बदलून मजबूत केली होती. सगळं परत काट्यावर घाला, असं मी आदल्या दिवशी सांगितलं, आणि मापाऱ्यानं आकडे फोनवर दिले. बसत होतं. जेमतेम, पण बसत होतं. जाता-येताचं पेट्रोल इथूनच भरून न्यायचं होतं, कारण तिकडच्या धावपट्टीवर पेट्रोल सोडा, साधा नळ नव्हता.

ओझरची धावपट्टी लांबलचक आहे, तिच्यावरून काहीही उडतं. पण त्या दिवशी विमान जमीन सोडेना. इंजिनाचे काटे सगळे जागच्या जागी, आवाज स्वच्छ, आणि तरी ते आपलं पळतंय पळतंय. उठलं तेही आळसावून. निफाडच्या उसावरून जाताना आम्ही नेहमीपेक्षा इतके खाली होतो की शेतातली माणसं मान वर करून बघत होती. मी वजनाचा कागद पुन्हा वाचला. कागद म्हणत होता सगळं ठीक आहे. माझ्या हातांना मात्र काही ठीक लागत नव्हतं. काकू शेजारी बसून खिडकीतून बघत होत्या आणि खूष होत्या. मी कागद घडी घालून खिशात ठेवला.

तिकडची धावपट्टी म्हणजे माळावर ओढलेली आखूड डांबरी रेघ. राखणदारानं शेळ्या हाकलल्या आणि आम्ही उतरलो, ब्रेकचा वास येईपर्यंत. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला बाभळींची रांग होती. ती मी नीट बघून ठेवली, कारण परत जाताना ती पार करायची होती.

भाड्याच्या जीपनं आम्ही गावात पोचलो. भावाच्या घराची गल्ली अरुंद, जीप मारुतीच्या देवळाच्या पुढं जात नव्हती. आमच्या ते पथ्यावरच पडलं. देवळाच्या मागं, घरातून दिसणार नाही अशा जागी, मी आणि दादांनी स्कूटर जोडली. कॅरेटांवरून काकू जीपमधून उतरल्या, स्कूटरवर बसल्या, रुमालानं तोंड पुसलं, पाय चपलांसकट पुढच्या फळीवर नीट ठेवले, पदर खांद्यावरून घेतला, आणि बटण सशावर करून निघाल्या. मी आणि दादा घसरण आणि डबे घेऊन मागून धापा टाकत. वरातीत बँडवाले मागं राहावेत तशी आमची गत होती.

भाऊ ओसरीवर खाटेवर बसला होता. उंच, हडकुळा, कमरेखाली चादर घेतलेली. बहिणीला बघून त्यानं आधी तोंडच उघडं टाकलं. आम्ही घसरण लावली आणि काकू स्कूटरवरूनच ओसरीवर चढल्या.

‘आक्का! हे काय काढलंस गं?’

‘चैन हाय. पिंपळगावात आता पायी कुणी फिरत नाय.’

‘आगं पण घरात? वसरीवर?’

‘मग! मला लय कंटाळा आलाय चालायचा. पोरानं एवढी महागाची आणलीय, ती काय शेडमध्ये ठिवायची?’

भाऊ हसला, हसता हसता त्याला ठसका लागला. ‘लई माजलीस बग तू,’ म्हणाला. त्याच्या बायकोनं आतून पाणी आणलं. तीही हसली. दादांनी माझ्याकडं बघितलं आणि सुटकेचा श्वास सोडला. मला वाटलं, जमलं.

भावजयीनं खाटेभोवती रांगोळी काढली, तबक आणून दिलं. काकूंनी स्कूटर खाटेला लावली, चाकाखाली रांगोळी थोडी फिसकटली. बसूनच त्यांनी भावाला कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं बहिणीच्या मांडीवर साडी ठेवली. मग रीतीप्रमाणं धाकट्यानं मोठ्या बहिणीच्या पाया पडायचं. तो खाली वाकू शकत नव्हता, म्हणून खाटेच्या कडेवर आडवा झाला आणि हात लांब करून त्यानं काकूंच्या पावलांना हात लावला. त्या वेळी काकू मान वळवून भावजयीला चिवड्यात काय काय घातलंय ते सांगत होत्या. त्या सांगतच राहिल्या. भावाचा हात पावलांवर तसाच. त्यानं बोटांनी पाऊल जरा दाबलं. काकू शेंगदाण्यांबद्दल बोलत होत्या.

मी समोर खांबाला टेकून उभा होतो, त्यामुळं मला त्याचं तोंड दिसलं. एखाद्या माणसाला वाईट बातमी कळताना बघण्याची वेळ आपल्यावर येते, आणि आपण मधे काही करू शकत नाही. त्यानं हात हळूच काढून घेतला, उठून बसला, आणि मोठ्यानं म्हणाला, ‘आक्का, पाया पडलो गं.’

काकू दचकल्या. ‘आं? हां… शंभर वर्षं जग,’ म्हणाल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी हे कुणाला सांगितलं नाही. दादांना हे दिसलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी ओसरीवरच्या फोनवरून पॅकहाऊसला फोन लावला. मापारी सणाचाही कामावर होता. मी त्याला विचारलं, काल वजन नेमकं कसं केलंस?

‘नेहमीसारखंच, साहेब. बारदान वजा करून.’

‘कसलं बारदान?’

‘आता बघा. गादीचं खोळ-दोर वजा. सुटकेसा वजा, आतली कापडं तेवढी धरली. डबे वजा, फराळ धरला. गाडीची ती लोखंडी चौकट वजा, पट्ट्या वजा, बॅटऱ्यांची पेटी वजा.’

‘बॅटऱ्या?’

‘त्या पेटीतच होत्या की. माल तर गाडी हाय ना, साहेब? बारदानाचं वजन कुणी धरतं का?’ आणि मग जरा अभिमानानं, ‘दादांचे बूटबी वजा केले.’

मी फोन ठेवला. चिडायलासुद्धा अंगात बळ नव्हतं. आयुष्यभर ज्यानं पोत्यातला कांदा तोलला, त्याच्या लेखी पोतं हवेत असतं. त्यानं काही चुकीचं केलं नव्हतं, त्यानं आम्हाला बाजाराच्या रीतीनं तोललं होतं. फक्त विमानाला ही रीत माहीत नव्हती.

मी अंगणातल्या बाजेवर बसून परतीचं गणित नव्यानं मांडलं. इकडं येताना पेट्रोल जळलं होतं, सामान उतरलं होतं. पण दुपारचं ऊन, वारा पडलेला, आखूड पट्टी आणि त्या बाभळी. त्यात भावजयीनं तुरीच्या डाळीचं पोतं आणि गुळाच्या ढेपा दाराशी आणून ठेवलेल्या. माहेरवाशीण रिकाम्या हातानं जाणार नाही म्हणे. मी म्हणालो, डाळ येणार नाही. गूळ येणार नाही. भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धी ढेप तरी, म्हणाली. मी म्हणालो, नाही. तिथल्या सगळ्यांना मी त्या क्षणी नकोसा झालो असणार, आणि याचीही मला आता सवय झाली होती.

तरीही भागत नव्हतं. मी दादांना बाजूला घेतलं. ‘तुम्ही जीपनं नाशिकला या. काकू आणि स्कूटर मी नेतो. सगळं एकदम घेऊन या पट्टीवरून मी उडणार नाही.’ दादा हुज्जत घालायला लागले. सकाळी उडालो होतो ना? सामान तर कमीच झालंय ना? एक माणूस आणि एक खेळण्यातली गाडी एवढ्यानं काय होतं? त्यांचा आवाज चढला, माझाही चढला, आणि अंगण ते ओसरी अंतर ते केवढं. आतलं बोलणं थांबलेलं मला ऐकू आलं.

‘साहेब,’ काकूंनी हाक मारली. ‘माझी गाडी लय जड हाय का?’

मी ओसरीवर गेलो. म्हणालो, ‘चौकट, बॅटऱ्या धरून जवळजवळ एका माणसाएवढी. पण तुम्ही काळजी करू नका, ती येतेय. दादा रस्त्यानं येतील.’

काकूंनी हँडलवरून हात फिरवला. मग भावाकडं बघून म्हणाल्या, ‘तुला बसता येईल का रे हिच्यावर?’

‘मला? आक्का, मला एकच पाय हाय.’

‘हिला पाय लागतच नाय,’ काकू म्हणाल्या. ‘मला दोनबी नायत.’

भाऊ चादरीची घडी बोटांनी सारखी करत होता. ‘म्हाइत हाय मला,’ म्हणाला.

‘कधीपासनं?’

‘मगाशी. पाया पडलो तवा.’

काकूंचं तोंड वाकडं झालं, त्यांनी ते पदरानं झाकलं. मी इतक्या फेऱ्यांत त्यांना रडताना बघितलं नव्हतं, कॅरेटांवरून घसरून पडल्या होत्या तेव्हासुद्धा नाही. भावानं हात पुढं केला आणि त्यांचा हात धरून ठेवला, बस. दादा खांबाकडं तोंड करून उभे राहिले. मी घड्याळ बघितलं. माझा स्वभाव. सूर्य मावळायच्या आत ओझरला चाकं टेकायलाच हवी होती.

‘गाडी इथंच ऱ्हाईल, विमानात तिच्या जागी पोरगा बसल,’ काकू नाक पुसून म्हणाल्या. आवाज पुन्हा पॅकहाऊसमधला. ‘नाय म्हणू नको. खाटेवर पडून पडून तू सडशील. माझ्यासाठी दुसरी आणल हा, याला हौसच हाय.’

‘आन् तू जाशील कशी?’

दादा पुढं आले, पण त्यांचे डोळे इतके भरले होते की त्यांना समोरचं दिसत नसावं. काकूंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं.

‘तुम्ही उचला, साहेब. तुम्हाला सामानाची सवय हाय.’

मी जागचा हललो नाही. त्यांना वाटलं असेल मी पाठीचा विचार करतोय. मी त्यांच्या त्या आडव्या केलेल्या हाताचा विचार करत होतो.

‘बारदान वजा करून धरा,’ काकू म्हणाल्या. ‘मग काय जड नाय मी.’

मी वाकलो. एक हात पाठीमागून, एक गुडघ्यांखालून. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि अंग लाकडासारखं ताठ केलं होतं. मी त्यांना खाटेवर भावाच्या जागी बसवलं. दादांनी आणि भावजयीनं भावाला स्कूटरवर बसवलं, मी किल्ली फिरवून गाडी चालू केली. काकूंनी खाटेवरून हात लांब करून बटण कासवावर फिरवलं. ‘हे असंच ठिवायचं. हात लावायचा नाय.’ भावानं अंगठा दाबला, गाडी घसरणीवरून अंगणात उतरली, तुळशीला एक वळसा घालून परत आली. त्याच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. भावजय दारात उभी राहून रडत होती आणि हसत होती. चार्जर कसा लावायचा ते मी तिला दोनदा दाखवलं.

मग निघायची वेळ झाली. जीप देवळामागं, जिथं आम्ही ती भावापासून लपवून उभी केली होती. मी काकूंना पुन्हा उचललं आणि गल्लीतून चालायला लागलो. दारादारांत बायका उभ्या होत्या. काकूंनी या वेळी डोळे मिटले नव्हते. एक हात माझ्या मानेभोवती होता, दुसऱ्यात भावानं दिलेली साडी. माझ्या कमरेतून कळ निघाली होती आणि ती पायापर्यंत उतरत होती, सूर्य कलला होता, बाभळी डोळ्यांसमोर होत्या. लवकर गाठावं देवळाला म्हणून मी झपाझप पावलं टाकत होतो. मागून स्कूटरची बारीक घरघर ऐकू येत होती. बहिणीला वेशीपर्यंत सोडायला भाऊ निघाला होता. पाय कापल्यापासून तो त्या घराच्या बाहेर पडला नव्हता.

काकूंनी माझ्या खांद्यावरून मागं बघितलं.

‘साहेब, जरा सावकाश चाला,’ त्या कानाशी म्हणाल्या. ‘त्याची गाडी मागं पडतीय.’

मी सावकाश चालायला लागलो.